पार्किंगमधला बर्फ: जागेवर वितळवायचा की ट्रकने हलवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साधारण एक हेक्टरचं उघडं पार्किंग आहे, तीनशे-साडेतीनशे गाड्यांचं. दर हिवाळ्यात बर्फाचे ढीग साचून जागा अडते आणि ट्रक लावून तो बर्फ बाहेर टाकायचा खर्च वाढत चालला आहे. आता कुणीतरी सुचवलंय की बर्फ वितळवायचं मशीन घ्या किंवा भाड्याने आणा, ट्रकची कटकटच संपेल. तर काय करावं?

मी दोन्ही बाजूंनी काम केलंय. आधी बरीच वर्षं लोडर आणि ट्रक, मग मेल्टर, म्हणजे हेच बर्फ वितळवायचं मशीन. माझं उत्तर असं: मशीन विकत घेऊ नका. ट्रकची एक फेरी तासाच्या आत होत असेल तर भाड्यानेही आणू नका. फेरी दीड तासावर गेली असेल, वितळलेलं पाणी नेणारं चालू गटार हाताशी असेल आणि ते वापरायची परवानगी असेल, तर मोठ्या वादळानंतरच्या एक-दोन रात्रींपुरता मेल्टर भाड्याने आणणं शहाणपणाचं ठरेल. हे असं का, ते आकडे मांडून दाखवतो, म्हणजे तुमच्या जागेचे आकडे घालून तुम्हालाही तपासता येईल.

सुरुवात वजनापासून करू. लोक बर्फ सेंटिमीटरमध्ये मोजतात, पण मशीन आणि ट्रक दोघांनाही सेंटिमीटरशी देणंघेणं नसतं. ताजा, कोरडा, भुरभुरीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो. तोच लोडरने ढकलून ढीग केला की दबून ४०० ते ५०० किलोपर्यंत जातो. म्हणजे एक हेक्टरवर २० सेंटिमीटर बर्फ पडला तर २,००० घनमीटर झाला, १०० किलोच्या हिशोबाने २०० टन. ढीग केल्यावर याच २०० टनांचे साधारण ४४० घनमीटर उरतात. ओला, जड बर्फ असेल तर तेवढ्याच जाडीचं वजन दुप्पट होतं. कंत्राटदार ‘अमुक इंच पडला, तमुक रक्कम’ असा भाव सांगतो तेव्हा या फरकाची जोखीम तो कुणाच्या तरी गळ्यात घालत असतो, आणि सहसा तो गळा तुमचा असतो.

आता हा ४४० घनमीटरचा ढीग किती जागा खातो? सरासरी दोन मीटर उंची धरली तर २२० चौरस मीटर. एका गाडीची जागा अडीच बाय पाच मीटरची, तेव्हा साधारण अठरा गाड्यांच्या जागा गेल्या. साडेतीनशेपैकी अठरा. खरं सांगायचं तर पुष्कळ ठिकाणी विषय इथेच संपतो. त्या अठरा जागा लांबच्या कोपऱ्यात असतील आणि एरवीही रिकाम्याच राहत असतील, तर तो ढीग तिथेच राहू द्या, ऊन आपलं काम फुकट करेल. फक्त कोपरा उताराच्या खालच्या बाजूचा निवडा. वरच्या बाजूला ढीग केला तर दुपारी वितळलेलं पाणी सगळ्या पार्किंगवरून वाहतं आणि रात्री त्याची काच होते. मी असे लोक पाहिलेत की जे ढीग हलवायला पैसे मोजत नाहीत, पण त्याच ढिगाच्या पाण्यावर महिनाभर मीठ टाकत राहतात.

अडचण येते ती वादळांची रांग लागते तेव्हा. मध्ये ऊन नाही आणि लागोपाठ चार वेळा असा बर्फ पडला तर सत्तरेक जागा जातात, शिवाय ढिगांमुळे वळणावर समोरची गाडी दिसेनाशी होते. तेव्हा बर्फ हलवावाच लागतो. तरीही वादळ थांबल्या थांबल्या धावू नका. एक-दोन दिवस ढीग बसू द्या. तो आपोआप दबतो, ट्रकच्या खेपा कमी होतात. पण फार थांबाल तर दिवसा वितळून रात्री गोठण्याच्या चक्रात त्याचा दगड होतो. मराठीत आपण भुरभुरीतलाही बर्फ म्हणतो आणि दगडासारख्यालाही बर्फच. या धंद्यात मात्र दोन्हींचा भाव वेगळा. दगड झालेला ढीग लोडरच्या साध्या बकेटने निघत नाही, दाते असलेली बकेट किंवा एक्सकॅव्हेटर आणावा लागतो.

आता मेल्टर. मशीन समजायला सोपं आहे: एक मोठी टाकी, तिच्यात गरम पाणी, ते गरम ठेवणारे डिझेलचे बर्नर. वरून लोडर बर्फ टाकतो, टाकी भरली की जादा पाणी बाहेर पडतं. काही मशीनमध्ये ज्वाळेचे गरम वायू थेट पाण्यातून बुडबुड्यांसारखे सोडतात, काहींमध्ये आधी पाणी तापवून ते बर्फावर फवारतात किंवा नळ्यांमधून फिरवतात. विक्रेते या फरकावर तासभर बोलतील. तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे आणि ती कुठल्याच कंपनीला बदलता येत नाही: बर्फाला वितळायला लागणारी उष्णता.

शून्य अंशावरचा एक किलो बर्फ शून्य अंशावरचं पाणी व्हायला ३३४ किलोज्यूल लागतात. तेवढ्याच उष्णतेत एक लिटर पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे चहाच्या पाण्याला लागावी जवळपास तेवढी उष्णता ओतायची आणि हातात काय, तर शून्य अंशाचं पाणी. बर्फ उणे १० वर असेल तर त्याला आधी शून्यावर आणायला आणखी २१ लागतात, आणि पाणी पाइपमध्ये गोठू नये म्हणून ते चारेक अंशांवर बाहेर सोडायचं तर आणखी १७. एकूण ३७२. मशीन उष्णतेच्या ९० टक्के वापरतं असं धरलं तर ४१३. एक लिटर डिझेल जळून मशीनला साधारण ३६ मेगाज्यूल मिळतात. टनाला ४१३ मेगाज्यूल, भागिले ३६: साडेअकरा लिटर.

टनाला साडेअकरा लिटर. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. तुमच्या २०० टनांना २,३०० लिटर डिझेल लागणार, आणि तेही फक्त बर्नरचं, लोडर वेगळा. मशीन कितीही चांगलं असलं तरी यातले शेदोनशे लिटर इकडेतिकडे होतील, निम्मे होणार नाहीत.

याच आकड्याने मशीनची क्षमताही तपासता येते, आणि ती तपासाच. ताशी ३० टन असं पाटीवर लिहिलेलं असतं. उत्तर अमेरिकेतल्या मशीनवरचा टन बहुतेक वेळा ९०७ किलोचा असतो, म्हणजे आपले २७ टन झाले. एवढा बर्फ शून्यावरून नुसता वितळवायला तासाला ९ गिगाज्यूल लागतात, म्हणजे सुमारे अडीच मेगावॉट. त्यांच्या भाषेत, म्हणजे बीटीयू या उष्णतेच्या तिकडच्या मापात, ताशी ८६ लाख. बर्नरची एकूण ताकद यापेक्षा कमी लिहिलेली असेल आणि तरी विक्रेता ३० टन म्हणत असेल, तर तो ओल्या बर्फावर घेतलेला आकडा सांगतोय. ओल्या बर्फात निम्मंअर्धं आधीच पाणी असू शकतं. ते वजनात मोजलं जातं पण वितळवावं लागत नाही. एका प्रात्यक्षिकाला मी हेच पाहिलं. मार्चमधली दुपार, ऊन पडलेलं, बर्फ लगद्यासारखा, आणि मशीन नुसतं खात सुटलेलं. सगळे टाळ्या वाजवत होते. त्याच मशीनने जानेवारीतल्या रात्री ढिगातली टणक ढेकळं घेतली तेव्हा वेग निम्म्यावर आला.

ढेकळांचं हे प्रकरण नीट समजून घ्या. उष्णता बर्फाच्या पृष्ठभागातून आत शिरते. भुरभुरीत बर्फाला पृष्ठभाग अफाट, तो पाण्यात पडता पडता विरतो. फुटबॉलएवढं ढेकूळ तरंगत राहतं. वरून लोडरवाल्याने घाईने दुसरी बकेट ओतली की ढेकळं एकमेकांना धरतात आणि टाकीच्या तोंडावर कमान तयार होते: वर बर्फ, खाली गरम पाणी, मध्ये पोकळी. बर्नर जळतोय, डिझेल जातंय, आणि वितळत काहीच नाही. चांगला ऑपरेटर आवाजावरून ओळखतो, लोडरला हात दाखवून थांबवतो, कमान फोडतो. नवखा ऑपरेटर मशीनला शिव्या घालतो. म्हणून मी कागदावरच्या क्षमतेच्या ८० टक्केच धरतो: ताशी २७ऐवजी २२ टन.

२०० टनांना मग नऊ तास लागतात. त्याआधी टाकी पाण्याने भरून तापवायची, शेवटी रिकामी करून गाळ काढायचा, तो वेळ वेगळा. पार्किंग रात्री दहाला रिकामं होऊन सकाळी सहाला भरत असेल तर एका रात्रीत हे काम बसत नाही. आणि ताशी अडीचशे लिटर पिणाऱ्या मशीनला मध्यरात्री डिझेल कुठून? इंधनाचा टँकर आधीच ठरवून ठेवावा लागतो. वादळानंतर टँकरही तितकेच अडकलेले असतात जितके ट्रक.

आता ट्रकची बाजू. चौदा घनमीटरचा हौदा धरा. ४४० घनमीटरच्या बत्तीस खेपा झाल्या, खेपेला सहा-सव्वासहा टन. लोडर पाच बकेटांत, म्हणजे सहा मिनिटांत ट्रक भरतो. टाकायची जागा वीस मिनिटांवर, रिकामा करायला सहा मिनिटं, परत वीस. एक फेरी ५२ मिनिटांची. लोडर एक मिनिटही मोकळा बसू नये असं वाटत असेल तर नऊ ट्रक लागतात, मग सगळं भरणं साडेतीन तासांत उरकतं. पाच ट्रक मिळाले तर साडेपाच तास. कसंही केलं तरी रात्रीत बसतं. ट्रकला लोक हळू समजतात, पण ट्रकची संख्या वाढवता येते. टाकी ताणून मोठी करता येत नाही.

इंधनाचंच बघायचं तर तुलना करायचीच गरज नाही. जाऊन-येऊन ३० किलोमीटर, बत्तीस खेपा, ९६० किलोमीटर. भरलेला-रिकामा मिळून किलोमीटरला ०.४५ लिटर धरलं तर ४३० लिटर. उभं राहून जळणारं धरून पाचशे म्हणा. समोर मेल्टरचे २,३००. लिटरमागे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर एकीकडे सव्वा-दीड टन, दुसरीकडे सहा टनांहून जास्त. नुसत्या इंधनावर मेल्टर जिंकायला ट्रकची फेरी दीडशे किलोमीटरच्या पुढची असावी लागेल. तेव्हा ‘ट्रक वाचले म्हणजे पर्यावरण वाचलं’ असं कुणी पत्रकात छापलं असेल तर ते वाचून बाजूला ठेवा.

मग मेल्टर वाचवतो तरी काय? ट्रकचे तास. ड्रायव्हर आणि ट्रक यांचं तासाचं भाडं हीच खरी रक्कम आहे, डिझेल त्यात किरकोळ. दर जागोजागी वेगळे, म्हणून मी हिशोब डिझेलच्या लिटरमध्ये करतो. सवय झाली की फार सोयीचं पडतं. समजा ड्रायव्हर-इंधनासह ट्रकचा एक तास तुमच्याकडे ९० लिटर डिझेलच्या किमतीचा आहे. ५२ मिनिटांच्या बत्तीस फेऱ्या म्हणजे २८ ट्रक-तास, म्हणजे २,५२० लिटर. मेल्टरचं नुसतं इंधनच २,३०० आहे. उरलेल्या २२० लिटरच्या पैशात मशीनचं भाडं, ऑपरेटर, मशीन आणण्या-नेण्याचा खर्च आणि लोडरचे जादा तास बसणार आहेत का? अजिबात नाही. ट्रक जिंकला.

आता टाकायची जागा वीसऐवजी चाळीस मिनिटांवर न्या. फेरी ९२ मिनिटांची, ४९ ट्रक-तास, ४,४१० लिटर. मेल्टरच्या बाजूला २,१०० लिटरची मोकळीक आली. टाकायच्या जागेची फी वेगळी असेल तर आणखी थोडी. इथे मेल्टरवाल्याला फोन करण्यात अर्थ आहे. आणि हे लक्षात घ्या की चाळीस मिनिटांची जागा चाळीस किलोमीटरवर असावी लागत नाही. नकाशा दाखवतो ती वीस मिनिटं कोरड्या रस्त्यावरची असतात. मोठ्या वादळानंतर रस्ते अर्धे झालेले, सगळ्यांचे ट्रक एकाच मैदानाच्या फाटकावर रांगेत, आणि मैदान रात्री अकराला बंद. मागच्या हिवाळ्यातल्या मोठ्या वादळानंतरच्या खेपांच्या पावत्या तुमच्याकडे असतील तर त्यावरच्या वेळा काढून बघा. तुमची खरी फेरी किती मिनिटांची आहे ते तिथे लिहिलेलं आहे.

इथपर्यंत सगळं गणित झालं. माझा हात मात्र पोळला तो गणिताने नाही, पाण्याने.

मेल्टर स्वतंत्रपणे चालवायला घेतला त्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. नकाशात पाहून पावसाळी गटाराची जाळी शोधली. वर वीतभर बर्फ होता, तो फोडला, जाळी मोकळी दिसली, मशीनचं पाणी नेणारा लवचिक पाइप, म्हणजे होज, आत सोडला आणि काम सुरू केलं. पहाटे तीनच्या सुमारास पारा उणे १४ वर. मी मशीनच्या दुसऱ्या बाजूला होतो. लोडरवाला अचानक थांबला आणि दिव्याची उघडझाप करायला लागला. वळून बघतो तर जाळीतून पाणी उलटं वर येत होतं. जाळी उघडी होती, पण खालच्या चेंबरमधून पुढे जाणारा पाइप गोठलेला होता. चेंबर भरेपर्यंत सगळं ठीक दिसलं, मग पाणी पसरायला लागलं. सेकंदाला सहा लिटर. अर्ध्या तासात अकरा हजार लिटर, सेंटिमीटरच्या थराने अकराशे चौरस मीटर. ते नेमकं मुख्य दाराच्या दिशेने गेलं. सहा वाजता मालक आले तेव्हा दारासमोर काच पसरलेली होती आणि आम्ही तिच्यावर वाळू-मीठ टाकत होतो. जो बर्फ ढिगात उभा होता तोच आम्ही पैसे घेऊन आडवा पसरवून दिला.

तेव्हापासून जाळी नुसती बघत नाही. तिच्यात अर्धा तास पाणी सोडून बघतो, एकदा हंगामाआधी आणि एकदा त्याच संध्याकाळी. शक्य तिथे झाकण उघडून पुढच्या चेंबरमध्ये पाणी पोचतंय का हेही बघतो. आणि होज जाळीवर ठेवत नाही, जाळीच्या आत उतरवतो, कारण बाहेर पडणारं पाणी जेमतेम तीन-चार अंशांचं असतं. उघड्यावर दोन मीटर वाहिलं तरी कडेने गोठायला लागतं.

जाळी कुठल्या गटाराची आहे हाही प्रश्न आहेच. पावसाळी गटार बहुधा सरळ ओढ्यात किंवा नदीत जातं, मैलापाण्याचं गटार शुद्धीकरण केंद्रात. पार्किंगच्या बर्फात मीठ, ऑइल, रबर, वाळू आणि सिगारेटची थोटकं असतात. मेल्टरच्या टाकीत वाळू आणि जड कचरा खाली बसतो, तरंगता कचरा जाळीत अडकतो. मीठ मात्र विरघळलेलं असतं, ते थेट पाण्याबरोबर जातं. ढीग उन्हात वितळतो तेव्हाही मीठ जातंच. उलट सुरुवातीच्या वीस-तीस टक्के पाण्यातच त्याचा मोठा वाटा निघून जातो, मागचा बर्फ बऱ्यापैकी स्वच्छ असतो. फरक इतकाच की मेल्टर ते पाणी एका ठिकाणी, एका रात्रीत, तुमच्या नावाने सोडतो. पुष्कळ ठिकाणी याला स्थानिक यंत्रणेची लेखी परवानगी लागते, आणि ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मागितली तर शांतपणे मिळते. वादळाच्या दुसऱ्या दिवशी मागितली तर कुणी फोनही उचलत नाही.

टाकीच्या तळाचा गाळ त्याच रात्री काढायचा, पाणी कोमट असेपर्यंत. सकाळी बघू म्हटलं की वाळू-खडीचा गोठलेला ठोकळा तयार होतो, मग तो फोडायला दुसरा दिवस. त्या गाळात मला आजवर सामान ढकलायच्या दोन ट्रॉल्या, पार्किंगमधला सिमेंटचा चाक-अडथळा आणि असंख्य हातमोजे सापडलेत. हातमोजे कायम एकेकटेच.

जिथे मेल्टर खरोखर शोभतो अशा जागा बघितल्या तर तुमच्या जागेचं उत्तर आपोआप स्पष्ट होतं. विमानतळ ही पहिली. धावपट्टीजवळ ढीग ठेवता येत नाहीत, बर्फ भरलेले ट्रक सारखे फाटकातून बाहेर काढणं त्रासाचं, इंधन जागेवर, गटारं मोठी, आणि मशीन हिवाळाभर चालतं. दुसरी म्हणजे जागाच नसलेलं दाट शहर. न्यूयॉर्कचं सफाई खातं मेल्टर गटारांच्या तोंडाशी उभे करतं, कारण ट्रकने नेऊन टाकायचं तर टाकणार कुठे? माँट्रियलने वेगळा रस्ता काढलाय. तिथे बर्फ ट्रकने नेतात, पण त्यातला काही शहरातल्या गटारांच्या खास तोंडांमध्ये ओततात, म्हणजे सांडपाण्याच्या उबेने तो वितळतो. बाकीचा मोठ्या मैदानांवर आणि फ्रँकॉन नावाच्या जुन्या दगडखाणीत जातो. जपानमधलं साप्पोरो शुद्ध केलेल्या सांडपाण्याची ऊब वापरतं, मॉस्कोही सांडपाण्यावर बर्फ वितळवतं. ही सगळी वितळवायचीच कामं आहेत, पण फुकटच्या उष्णतेवर. टनाला साडेअकरा लिटर जाळून नव्हे. तुमच्या शेजारी असं काही असेल, एखाद्या कारखान्याचं कोमट पाणी वाया जात असेल, तर माझा वरचा सगळा हिशोब उलटतो.

आणि ढीग तसाच ठेवला तर किती टिकतो? बॉस्टनमध्ये २०१४-१५च्या हिवाळ्यात २८१ सेंटिमीटर बर्फ पडला. बंदराजवळच्या मोकळ्या जागेत शहराने जो डोंगर रचला तो १४ जुलै २०१५ला संपला. वरून कचऱ्याचा थर बसला होता, त्यानेच आतला बर्फ झाकून ठेवला. स्वीडनमधल्या सुंड्सवाल गावात हीच युक्ती मुद्दाम करतात: हिवाळ्यातला बर्फ लाकडाच्या ढलप्यांखाली झाकून ठेवायचा आणि उन्हाळ्यात त्याच्यावर इस्पितळ थंड करायचं, २०००पासून. हे तुमच्या कामाचं नाही, पण ढिगावर कचरा साचू दिला तर तो उशिरा वितळतो, एवढं यातून घ्या.

एक अपवाद वेगळा सांगायला हवा, कारण त्यात पैशापेक्षा जास्त काही पणाला लागतं. तुमचं पार्किंग बहुमजली असेल आणि वरचा मजला उघडा असेल, तर आतापर्यंत सांगितलेलं तसंच्या तसं लागू होत नाही. गाड्यांसाठीच्या मजल्यांचा भार अमेरिकी मानकात चौरस मीटरला सुमारे १९५ किलो धरतात. वीस सेंटिमीटर ताजा बर्फ २० किलोचा, काही बिघडत नाही. तोच दीड मीटर उंच ढीग केला की ६७५ किलो, म्हणजे साडेतीन पट. वरच्या कोपऱ्यात ढीग रचणारे लोक मी पाहिलेत आणि खालच्या मजल्यावरून जाताना मान वर करून बघितलंय. तिथे मोठा लोडर नेता येत नाही, भरलेल्या टाकीचा मेल्टर तर मुळीच नाही. हलक्या यंत्राने बर्फ कठड्यावरून खाली, अडवलेल्या जागेत टाकायचा आणि मग खाली ट्रक की मेल्टर हा प्रश्न सोडवायचा. किती वजन चालेल हे इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

बाकी किरकोळ. कडक, निवांत थंडीत मेल्टरची वाफ जमिनीलगत धुक्यासारखी साचते, आसपासच्या गाड्यांवर आणि रस्त्यावर पांढरी साय धरते. रस्त्याच्या कडेला मशीन लावू नका. बर्नरचे पंखे आणि लोडरची पीप-पीप नऊ तास चालते, शेजारी घरं असतील तर आधी सांगून ठेवा. ट्रकच्या बाबतीत एकच काळजी: हौदा उचलून रिकामा करताना वर विजेच्या तारा नाहीत ना, आणि निघताना तो खाली घेतलाय ना.

विकत घेण्याबद्दल आणखी दोन वाक्यं. तुमच्या हेक्टरवर हिवाळ्यात पाच मोठी वादळं आली तरी मशीन ४५ तास चालणार. वर्षात ८,७६० तास असतात. उरलेले तास ते मशीन गंजत, त्याचे पाइप कुणी नीट रिकामे केलेत का याची वाट बघत उभं राहील. पंपात पेलाभर पाणी राहिलं तरी पहिल्या थंडीत तो फुटतो. चार-पाच पार्किंगवाले एकत्र येऊन घेत असतील तर गोष्ट वेगळी वाटते खरी, पण वादळ सगळ्यांकडे एकाच रात्री येतं.

तेव्हा तुमच्या जागी मी असं करेन. ट्रकवाल्याशी करार तासाचा न करता खेपेचा करेन, पण हौद्याचं माप स्वतः टेपने घेऊन करारात लिहीन आणि कडेपर्यंत भरलेली खेपच मोजेन. अर्धे भरलेले ट्रक हा या धंद्यातला सगळ्यात जुना खेळ आहे. मेल्टरवाल्याशी हंगामाआधी बोलून वाट पाहायचा दर, म्हणजे बोलावेपर्यंत मशीन तयार ठेवायचे पैसे, ठरवेन: सलग दोन मोठी वादळं आली आणि फेरी दीड तासावर गेली तरच बोलवायचा. त्याच्याकडून बर्नरची एकूण ताकद लेखी, डिझेल कोण आणणार ते लेखी, पहिली टाकी भरायचं पाणी कुठून ते लेखी, होजची लांबी लेखी. एकदा माझ्याकडे होज बारा मीटर कमी पडला होता आणि रात्री बाराला जगातलं कुठलंही दुकान उघडं नसतं.

आणि बर्फ पडायच्या आधी, जमीन मऊ असताना, प्रत्येक गटाराच्या जाळीच्या सगळ्यात जवळच्या मातीत माणसाच्या उंचीचा, टोकाला लाल पट्टी असलेला खांब ठोका. खांबावर जाळी किती मीटरवर आणि कुठल्या दिशेला आहे ते रंगाने लिहा. लोडरवाल्याला दाखवून सांगा की या खांबांपाशी ढीग करायचा नाही. तो ऐकेलच असं नाही, म्हणून पट्टी लाल.